विश्लेषण : डॉ. कोटणीस ज्या चीनमध्ये राहिले, तिथल्या साहित्यिक मासिकांचे पुढे काय झाले?

सोलापूरच्या भैय्या चौकातले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक भारत-चीन मैत्रीची खूण मानले जाते. युद्धात होरपळणाऱ्या चीनमध्ये जाऊन जखमी सैनिकांवर उपचार करणारा आणि तिथेच देह ठेवणारा हा डॉक्टर सोलापुरात शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्यांचे निधन १९४२ मध्ये झाले. त्याच वर्षी, चिनी कम्युनिस्टांच्या ताब्यातल्या त्याच प्रदेशात आणखी एक गोष्ट घडली आणि तिची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. लेखकाने काय लिहावे, कोणासाठी लिहावे आणि मासिकाने काय छापावे, याची चौकट तिथे आखली गेली. पुढच्या अनेक दशकांत लाखो वाचकांच्या आणि कित्येक लेखकांच्या आयुष्यावर तिचा परिणाम झाला. ही चौकट काय होती, ती कशी राबवली गेली, रशिया आणि पूर्व युरोपात सत्ता गेल्यावर काय झाले आणि महाराष्ट्राशी या सगळ्याचा संबंध कुठे येतो, हे समजून घेऊ.

डॉ. कोटणीस चीनमध्ये कसे पोहोचले?

जपानने १९३७ मध्ये चीनवर आक्रमण केले. चिनी सेनानी चू दे यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. पाच डॉक्टरांचे पथक तयार झाले आणि सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून बोटीने रवाना झाले. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले कोटणीस त्यातले एक.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. डोंगरात कोरलेल्या गुहांमध्ये वसलेले हे गाव म्हणजे चिनी कम्युनिस्टांची राजधानी. तिथून कोटणीस उत्तरेच्या आघाडीवरील तळावर गेले. १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. त्यांनी चिनी परिचारिका कुओ छिंगलान यांच्याशी विवाह केला, १९४२ मध्ये ते कम्युनिस्ट पक्षात दाखल झाले आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला आणि हे नाव देशभर पोहोचले.

१९४२ मध्ये येनानमध्ये काय घडले?

येनानला त्या काळी शहरांतून शेकडो तरुण लेखक, चित्रकार, विद्यार्थी आले होते. जपानशी लढायचे आणि नवा समाज घडवायचा, या ओढीने आलेली ही मंडळी. पक्षाच्या दैनिकाचे नाव ‘जीफांग रिबाओ’, म्हणजे ‘मुक्ती दैनिक’. त्याच्या साहित्याच्या पानाचे काम कादंबरीकार दिंग लिंग यांनी सांभाळले होते.

मार्च १९४२ मध्ये त्या पानावर दोन लेख आले आणि खळबळ उडाली. पहिला खुद्द दिंग लिंग यांचा, महिला दिनानिमित्त. क्रांतीच्या गावातही स्त्रीने लग्न केले तरी बोलणी, नाही केले तरी बोलणी, असे वास्तव त्यांनी मांडले. दुसरा लेख वांग शीवेई या अनुवादक-लेखकाचा. येनानमध्ये हुद्द्यानुसार जेवणाच्या आणि कपड्यांच्या प्रती ठरलेल्या आहेत, समतेची भाषा करणाऱ्यांना हे शोभते का, असा त्याचा रोख होता.

मे महिन्यात साहित्य आणि कलेविषयी एक परिषद भरली. तिच्या सुरुवातीला आणि शेवटी माओ बोलले. त्या भाषणांचे सार असे : कला वर्गाच्या पलीकडे नसते; लेखकाने शेतकरी, कामगार आणि सैनिक यांच्यासाठी लिहावे; आणि साहित्याचा राजकीय निकष कलेच्या निकषाच्या आधी येतो. डॉ. कोटणीस त्या वेळी येनानपासून दूर, आघाडीवरच्या रुग्णालयात होते. परिषदेशी त्यांचा संबंध नव्हता.

दिंग लिंग यांनी जाहीर आत्मटीका केली आणि त्या बचावल्या. वांग शीवेई यांनी माघार घेतली नाही. त्यांना पक्षद्रोही ठरवून कैदेत ठेवले गेले आणि १९४७ मध्ये ठार मारण्यात आले. चीन सरकारने त्यांच्यावरचा ठपका पुसला तो १९९१ मध्ये, म्हणजे लेख छापून आल्यानंतर ४९ वर्षांनी.

सत्ता आल्यावर मासिकांना काय मिळाले?

पुष्कळ काही मिळाले, हे आधी मान्य करायला हवे. ऑक्टोबर १९४९ मध्ये जनता प्रजासत्ताकाची स्थापना झाली आणि त्याच महिन्यात ‘रेनमिन वनश्वे’ (‘जनसाहित्य’) हे मासिक निघाले. माओ दुन हे नामवंत कादंबरीकार त्याचे पहिले संपादक. अशा मासिकांना कागद सरकारकडून, वितरण टपालखात्याकडून, संपादकांना ठरलेला पगार. प्रांतोप्रांती लेखक संघटना उभ्या राहिल्या. साक्षरता वाढत होती, त्यामुळे वाचकही नवे होते. जाहिरातींसाठी दारोदार फिरण्याची गरज उरली नाही.

मोबदल्यात संपादकाचा अंतिम अधिकार गेला. काय छापायचे हे पक्षाच्या त्या महिन्याच्या भूमिकेवर ठरू लागले आणि भूमिका तर बदलत असे. १९५६ मध्ये ‘शंभर फुले उमलू द्या’ अशी हाक आली. एकवीस वर्षांच्या वांग मेंग यांची एक कथा ‘जनसाहित्य’मध्ये सप्टेंबर १९५६ मध्ये छापली गेली. पक्षाच्या कार्यालयातली सुस्ती पाहून अस्वस्थ होणारा एक तरुण कार्यकर्ता, एवढाच तिचा विषय. वर्षभरात वारे फिरले. ‘उजव्यां’विरुद्धची मोहीम सुरू झाली आणि वांग मेंग त्या यादीत गेले. पुढे ते दूर शिनज्यांग प्रांतात राहिले, तिथली उइगुर भाषा शिकले आणि १९७९ मध्ये बीजिंगला परतले.

दिंग लिंग यांचीही सुटका झाली नाही. त्यांच्या कादंबरीला १९५१ सालचा सोव्हिएत संघाचा स्टॅलिन पुरस्कार मिळाला होता. तरीही १९५७ मध्ये त्यांच्यावर शिक्का बसला. त्यांना ईशान्येच्या ओसाड भागात शेतीकामाला पाठवले गेले, त्यानंतर तुरुंगवास भोगावा लागला. हू फंग या समीक्षक-संपादकाने साहित्य धोरणावर पक्षालाच सविस्तर निवेदन दिले होते. १९५५ मध्ये त्यांना अटक झाली आणि त्यांच्या ओळखीपाळखीतल्या लेखकांचीही चौकशी झाली.

या तिघांतला समान धागा लक्षात घेण्याजोगा आहे. हे लोक क्रांतीचे शत्रू नव्हते, तिच्यासाठी घरदार सोडून आलेले होते. जवळच्या माणसाने केलेली टीका सत्तेला अधिक झोंबली.

मासिके बंद झाली तेव्हा लोक काय वाचत होते?

१९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाली आणि ‘जनसाहित्य’सह बहुतेक साहित्यिक मासिके बंद पडली. ते पुन्हा निघाले जानेवारी १९७६ मध्ये. मधली दहा वर्षे छापील साहित्याचा दुष्काळ होता.

वाचन मात्र थांबले नाही. खेड्यांत पाठवलेले विद्यार्थी हाताने कादंबऱ्या उतरवून एकमेकांना देत. ‘दुसरे हस्तांदोलन’ ही चांग यांग यांची कादंबरी अशीच हस्तलिखितातून देशभर फिरली. लेखकाला त्यासाठी १९७५ मध्ये अटक झाली. १९७९ मध्ये सुटका होऊन कादंबरी रीतसर छापली गेली, तेव्हा तिच्या लाखो प्रती खपल्या.

भिंतीवर चिकटवलेल्या मासिकाने काय केले?

माओंच्या निधनानंतर वातावरण सैल झाले. नोव्हेंबर १९७७ मध्ये ‘जनसाहित्य’ने लिऊ शिनवू यांची एका वर्गशिक्षकाची कथा छापली. सांस्कृतिक क्रांतीने मुलांच्या मनावर केलेल्या जखमा तिच्यात होत्या. त्यातून ‘व्रणांचे साहित्य’ हा प्रवाहच सुरू झाला.

२३ डिसेंबर १९७८ रोजी बेई दाओ, मांग के आणि त्यांच्या मित्रांनी ‘जिनत्यान’, म्हणजे ‘आज’, हे मासिक काढले. परवाना नाही, छापखाना नाही. स्टेन्सिल कापून, हाताने यंत्र फिरवून प्रती काढल्या आणि त्यांची पाने बीजिंगच्या भिंतींवर चिकटवली. लोक थंडीत उभे राहून वाचत. तीनच महिन्यांनी बेई दाओ यांची त्यातली कविता सरकारी कवितामासिकानेही छापली. नऊ अंकांनंतर १९८० मध्ये ‘आज’ बंद करावे लागले. १९९० मध्ये परदेशात राहणाऱ्या चिनी लेखकांनी ते पुन्हा सुरू केले.

एप्रिल १९७९ मध्ये निघालेल्या ‘दूशू’ (‘वाचन’) या मासिकाच्या पहिल्याच अंकातला प्रमुख लेख वाचनाला कुठलाही निषिद्ध प्रांत नसावा, असे सांगणारा होता. पुढची दहा वर्षे चिनी बुद्धिजीवींसाठी भरभराटीची ठरली. वांग मेंग ‘जनसाहित्य’चेच संपादक झाले आणि १९८६ मध्ये देशाचे संस्कृतिमंत्री. ऐंशीच्या उंबरठ्यावरच्या दिंग लिंग यांनी १९८५ मध्ये ‘चीन’ नावाचे मासिक काढले आणि नव्या कवींना जागा दिली. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि ते वर्ष संपताना मासिकही बंद झाले.

दोर पुन्हा आवळलेही गेले. १९८७ मध्ये तिबेटवरील मा ज्यान यांची कथा छापल्याबद्दल ‘जनसाहित्य’चे तेव्हाचे संपादक लिऊ शिनवू यांना काही काळ पदावरून दूर केले गेले. इतिहासाची चिकित्सा करणाऱ्या ‘यानह्वांग छुनछिऊ’ या मासिकाचे व्यवस्थापन २०१६ मध्ये बदलण्यात आले, तेव्हा जुन्या संपादक मंडळाने आपल्यापुरते मासिक बंद झाल्याचे जाहीर केले.

रशिया आणि पूर्व युरोपात चित्र वेगळे होते का?

चौकट तीच, तपशील निराळे. मॉस्कोच्या ‘नोव्ही मीर’ (‘नवे जग’) या मासिकाने नोव्हेंबर १९६२ मध्ये सोल्झेनित्सिन यांची छळछावणीतल्या एका दिवसाची कथा छापली. संपादक त्वार्दोव्हस्की यांनी त्यासाठी थेट ख्रुश्चेव्ह यांची संमती मिळवली होती. ख्रुश्चेव्ह गेले, दबाव वाढत गेला आणि १९७० मध्ये त्वार्दोव्हस्कींना पद सोडावे लागले. बंदी आलेले लिखाण लोक टंकयंत्रावर कार्बन कागद घालून काढत. एकाने चार-पाच प्रती काढायच्या, पुढच्याने आणखी तेवढ्याच. याला रशियन भाषेत ‘सामिझदात’, म्हणजे ‘स्वप्रकाशित’, असे नाव पडले.

चेकोस्लोव्हाकियात लेखक संघटनेचे साप्ताहिकच राजकीय बदलाचे व्यासपीठ बनले. जून १९६८ मध्ये लुदविक वाचुलिक यांचा सुधारणांची मागणी करणारा जाहीरनामा त्यात छापला गेला. ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे आले, साप्ताहिक संपले आणि वाचुलिक टंकलिखित पुस्तकांची मालिका चालवू लागले. पोलंडचे ‘कुल्तुरा’ हे मासिक तर १९४७ पासून देशाबाहेर, पॅरिसजवळून निघत असे आणि लपूनछपून मायदेशी पोहोचत असे.

सत्ता गेल्यावर मासिकांना बरे दिवस आले का?

सुरुवातीला आले. गोर्बाचेव्ह यांच्या काळात दशकानुदशके कपाटात पडलेले लिखाण एकदम बाहेर आले. १९८९ मध्ये ‘नोव्ही मीर’ने ‘गुलाग द्वीपसमूह’ क्रमशः छापायला घेतले. १९९० मध्ये या मासिकाचा खप २५ लाखांच्या पुढे गेला. एखाद्या गंभीर वाङ्मयीन मासिकाचा एवढा खप क्वचितच पाहायला मिळाला असेल. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लागू झालेल्या कायद्याने सेन्सॉरशिप संपवली.

१९९१ अखेर सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि गणित कोसळले. कागदाचे भाव भडकले, अनुदान आटले, टपाल महागले. महागाईने पिचलेला मध्यमवर्ग वर्गणी भरेना. जे वाचायला मासिक लागत असे, ते आता पुस्तकांच्या दुकानात आणि दूरचित्रवाणीवर मिळू लागले. ‘नोव्ही मीर’चा खप काही हजारांवर आला. बंदीने जे साधले नव्हते, ते बाजाराने काही वर्षांत करून दाखवले. ‘कुल्तुरा’ने मात्र आपला शेवट स्वतः ठरवला. २००० मध्ये संपादक येझी गिएद्रोइच यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मासिक थांबले.

चीनमध्ये पक्षाची सत्ता कायम राहिली, पण नव्वदच्या दशकात बाजार तिथेही आला. ज्यांचे अनुदान घटले त्या मासिकांना जाहिराती आणि प्रायोजक शोधावे लागले. म्हणजे राजकीय मर्यादा तशाच आणि आर्थिक आधार मात्र कमी, असा दुहेरी ताण तिथल्या संपादकांवर आला.

महाराष्ट्राशी याचा संबंध कुठे येतो?

महाराष्ट्रात कम्युनिस्टांची सत्ता कधी नव्हती, पण त्यांचा वाचक आणि लेखक भरपूर होता. १९२७ मध्ये मुंबईत ‘क्रांती’ हे कामगारांचे पत्र निघाले. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. यातले अमर शेख सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचे. गिरणी कामगारांच्या चळवळीतून ते शाहिरीकडे आले आणि त्यांनी ‘युगदीप’ हे मासिकही चालवले. अण्णा भाऊ १९६१ मध्ये रशियाला जाऊन आले आणि त्यांनी त्याचे प्रवासवर्णन लिहिले. नारायण सुर्वे यांना १९७३ मध्ये सोव्हिएत लँड नेहरू पुरस्कार मिळाला.

मराठी घरांत रशिया पोहोचला तो स्वस्त पुस्तकांतून. मॉस्कोत छापलेली गुळगुळीत कागदाची, रंगीत चित्रांची मराठी पुस्तके काही रुपयांत मिळत. अनिल हवालदार यांच्यासारख्या अनुवादकांनी ती थेट रशियनमधून मराठीत आणली. लोकवाङ्मय गृहाने त्यांचा प्रसार केला. त्या गठ्ठ्यांत गॉर्की, चेखॉव्ह, टॉल्स्टॉय असत, सोल्झेनित्सिन नसत. निवड मॉस्कोत होत होती. १९९१ नंतर हा पुरवठाच थांबला. रशियन साहित्याचे प्रेम लावणारी ती पुस्तके आणि त्यांनी गाळलेली नावे, असा दोन्हींचा वारसा त्या पिढीकडे आहे.

मराठीतल्या लघुनियतकालिकांची वाट वेगळी होती. साठच्या दशकात ‘असो’सारखे अंक सायक्लोस्टाइल करून निघाले. बेई दाओ यांनी वापरले तेच तंत्र, पण कारण निराळे. इथे लढा सरकारी परवान्याशी नव्हता, ‘सत्यकथे’सारख्या प्रस्थापित मासिकांच्या अभिरुचीशी होता. १९६९ मध्ये तरुण लेखकांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला. १९८२ मध्ये ‘सत्यकथा’ बंद पडले, ते कोणाच्या हुकमाने नव्हे.

दडपशाही ही फक्त कम्युनिस्टांची खासियत होती का?

सोलापूरकरांना याचे उत्तर शोधायला दूर जावे लागणार नाही. ८ मे १९३० रोजी शहरात गोळीबार झाला, काही दिवस इंग्रजांचा अंमल उरला नाही आणि मग मार्शल लॉ पुकारला गेला. ‘गझनफर’ हे पत्र चालवणारे आणि गिरणी कामगारांचे पुढारी अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्यासह फाशी देण्यात आली. ‘कर्मयोगी’चे संपादक रामभाऊ राजवाडे यांनाही मार्शल लॉखाली शिक्षा झाली. स्वतंत्र भारतातही १९७५ ते १९७७ या काळात आणीबाणीची सेन्सॉरशिप होती.

फरक आहे तो कालावधीचा आणि व्याप्तीचा. मार्शल लॉ उठला, आणीबाणी निवडणुकीने संपली. एकाच पक्षाच्या राजवटीत कागद, छापखाना, टपाल, नोकरी आणि राहते घर ही सगळी एकाच हातात असतात. त्यामुळे लेखकाची एक ओळ चुकली तर जाणार कुठे, हा प्रश्न उरतो. वांग मेंग यांना शिनज्यांगला जावे लागले, त्याचे मूळ इथे आहे.

मग मासिक टिकते कशावर?

या इतिहासातून तीन प्रकारचे आधार दिसतात. पहिला सत्तेचा : कागद आणि खप मिळतो, पण संपादकाचा शब्द शेवटचा राहत नाही. दुसरा बाजाराचा : काहीही छापायची मुभा असते, पण वाचक दुसरीकडे वळला की अंक थांबतो. तिसरा वाचकांच्या वर्गणीचा आणि लेखकांच्या पदरमोडीचा : ‘आज’ त्यावर निघाले, मराठी लघुनियतकालिकेही त्यावरच निघाली. हा आधार सर्वांत मोकळा आणि सर्वांत अल्पायुषी.

सोलापूरसारख्या शहरात हा तिसरा आधार अधिक मोलाचा आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा इथल्या रस्त्यावर एकत्र ऐकू येतात. १९९० मध्ये पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन इथेच भरले. प्रा. फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारख्या अभ्यासकांचा त्यात पुढाकार होता. पुण्या-मुंबईच्या मासिकांत ज्यांना जागा कमी होती, त्यांनी आपले व्यासपीठ स्वतः उभारल्याचे हे उदाहरण.

आज फोनवर कोणीही लिहू शकतो, त्यामुळे कागद आणि टपाल यांची अडचण संपल्यासारखी वाटते. पण लिखाण वाचून, निवडून, लेखकाशी वाद घालून ते छापणारा आणि वेळ आली तर त्याची किंमत मोजणारा संपादक आपोआप तयार होत नाही. दिंग लिंग आणि त्वार्दोव्हस्की ही नावे आजही घेतली जातात ती यासाठी.

डॉ. कोटणीस यांच्या त्यागाला या इतिहासाने उणेपणा येत नाही. ते जखमींसाठी गेले होते आणि ते काम त्यांनी शेवटपर्यंत केले. मात्र ज्या भूमीने सोलापूरच्या या डॉक्टरचे पुतळे उभारले, तिथेच एका लेखकाला आपल्या लेखासाठी जीव गमवावा लागला. दोन्ही गोष्टी एकाच काळातल्या आणि दोन्ही खऱ्या आहेत.